शेवटच्या पानावरची सही

"आशाताईची सही चालत नाही. डॉक्टरांचीच आण, नाहीतर पदवी विसर," म्हणत कॉलेजच्या क्लार्कने माझी फील्डवर्कची वही टेबलावर आपटली.

दोनशे चाळीस तास मी गावच्या आशा सेविका जमनाताईंसोबत पाडे तुडवले होते. पोरांची वजनं आम्ही घेतली, कुत्रीही आमच्याच अंगावर आली. डॉक्टर एकदाही फिरकले नव्हते.

तणतणत आरोग्य केंद्र गाठलं. फोनवर हसत-खिदळत डॉक्टरांनी 'माझ्या देखरेखीखाली' छापलेल्या चाळीस पानांवर सह्या ठोकल्या. माझं डोकंच सणकलं.

शेवटचं पान विद्यार्थ्याच्या अभिप्रायाचं होतं. त्यांच्यासमोरच मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'शिकवलं जमनाताईंनी. डॉक्टर आज पहिल्यांदा दिसले.' वही पुढे सरकवली.

फोन कानालाच होता. न वाचता त्यांनी त्याखालीही सही केली, वर शिक्का मारला.