चार स्ताशेक

"हाक नका मारू, बाई. आधी नुसतं बघा," सिस्टर बेनिग्ना म्हणाली.

अपोलोनिया बघतच होती. मठाच्या जेवणघरात दोन लांब टेबलं, दोन्हीकडे पोरं, उवांपायी सगळ्यांची डोकी भादरलेली, पुढ्यात बिटाचं लाल सूप. आपल्यातलाच करून वाढवायला जर्मनांनी गावातून उचलून नेला तेव्हा तिचा पोरगा चार वर्षांचा होता, आता आठचा असेल. युद्ध संपल्यावर जर्मनीतून पोरं परत आणणारी ही शेवटची गाडी. यांच्यात नसला, तर पुढे शोधायला जागाच उरली नव्हती. आणि डोळे फाडफाडून पाहिलं तरी एकही चेहरा आपला वाटेना.

"सगळ्यांना तिकडची नावं दिलीत. आपली बोलीही विसरलेत," सिस्टर हळूच म्हणाली. "खूण पटल्याशिवाय मी कुणाला देत नाही. मागे एकीने रडण्याच्या भरात दुसरीचाच नेला होता."

"मग हाकच मारू द्या. फोटो घरासकट जळाला. नाव आणि कानामागचा एक डाग, याशिवाय माझ्याजवळ आहे काय?"

"काय नाव?"

"स्तानिस्लाव. घरी स्ताशेक म्हणायचो."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, आपल्याकडे खडा मारला तर तो स्तानिस्लावलाच लागतो."

खोटं नव्हतं. क्राको शहराच्या संताचं नाव, ते पोलंडात घरटी एकाला तरी असायचंच. बाप्तिस्म्याला पाद्रीबाबाही कुरकुरले होते, की तुम्हा लोकांना दुसरं काही सुचत नाही का. तेव्हा तिचा नवरा वालेंती छाती काढून म्हणाला होता, "फादर, जुन्या लोकांनी विचार करून ठेवलंय ते नाव. उभा राहील आणि नाव काढील, असा अर्थ आहे. बापाला आणखी काय पाहिजे?" वालेंतीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

तिने पदराशी चाळा करावा तशी शालीची दशी मुठीत धरली, आणि जेवायच्या वेळी घराच्या पायरीवरून मारायची तशी हाक मारली.

"स्ताशेऽक!"

चमचे थांबले. चार पोरं उभी राहिली.

आपण का उठलो हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. तिकडे शिकवलं होतं तसे हात मांड्यांना चिकटवून, ताठ उभी होती. चौघंही तिच्याकडे बघत होती.

ती एकेकाजवळ गेली. उजवा कान दुमडून मागे बघायची. चुलीतला निखारा उडून तिच्या पोराला तिथे डाग पडला होता. पहिल्याला नव्हता. दुसऱ्यालाही नव्हता. तिसऱ्याने ती वाकली तेव्हा तिच्या शालीचा वास घेतला. त्यालाही नव्हता. चौथा सगळ्यांत लहानखुरा. तिचा हात कानाला लागताच तो पुटपुटला, "मामो," म्हणजे आई. त्याचा कान कोरा होता. नसला डाग तर नसला, यालाच न्यावं, असं तिच्या मनात आलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

टेबलाच्या त्याच कडेला एक पोरगा उठलाच नव्हता. मान खाली घालून तो पावातले शहाजिऱ्याचे दाणे एकेक वेचत होता आणि ताटलीच्या काठावर ओळीने मांडत होता. वालेंती जन्मभर हेच करायचा, आणि ती जन्मभर त्याच्यावर ओरडत आली होती.

तिने त्याचा कान दुमडला. डाग होता.

पोराने मान हिसडली. "माझं नाव डीटर आहे," तो जर्मनमध्ये म्हणाला.

"हाच," अपोलोनिया म्हणाली.

तिने त्याला शालीत गुंडाळून उचलला. त्याने लाथा झाडल्या, तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. "चाव," ती रडत म्हणाली, "पण चल." तिने काही त्याला सोडला नाही.

"बसा रे आता. सूप गार होतंय," मागून सिस्टरचा आवाज आला.

दारात तिने वळून पाहिलं. चौघांतलं कुणीच बसलं नव्हतं. सगळ्यांत लहानखुरा सिस्टरकडे मान वर करून मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये विचारत होता,

"सिस्टर, मी ताठ उभा नव्हतो का?"