एकाच मापाचे

अख्खा हंगाम बाकावर बसून बसून बास्केटबॉल संघातल्या गार्डच्या जागेवरच्या एका तरुण खेळाडूच्या अंगाचा तिळपापड झाला होता. अंतिम सामन्याचं शेवटचं मिनिट उरलं आणि कोच ओरडला, "ए छोटू, ऊठ!" त्याने घाईघाईने जॅकेट काढून भिरकावलं. घरी आई टीव्हीला डोळे लावून बसली होती.

कोच खेकसला, "जॅकेट कशाला काढतोस? बूट काढ! कॅप्टनच्या बुटाचा तळ सुटलाय, तुमचं माप एकच आहे."

छोटूला त्याच्या ताईने पहिल्या पगारातून घेऊन दिलेले ते बूट घालून कॅप्टनने सामना जिंकून दिला आणि जल्लोषात दोन्ही बूट प्रेक्षकांत फेकून दिले.

दातओठ खात छोटू नुसत्या मोज्यांवर बाहेर पडत होता, तेवढ्यात मागून कोचने बजावलं, "उद्या सराव आहे. बुटांशिवाय आलास तर दंड लावीन!"