दुसऱ्या गिअरचा धक्का

"नवं सॉफ्टवेअर टाकायचं की नाही, एवढं सांगा काका. लॅपटॉप जोडून ठेवलाय," मेकॅनिक म्हणाला.

"टाका!" गाडीचा मालक म्हणाला.

"नका टाकू," त्याची बायको म्हणाली.

तो गर्रकन वळला. आधीच त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर, त्यात सकाळपासून बायको याच एका वाक्याला चिकटून बसली होती. गाडी जुनी होती, ऑटोमॅटिक. दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना ती मागून कुणी लाथ घातल्यासारखा धक्का देई. मेकॅनिकनं दोन्ही बाजू सांगितल्या होत्या. गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं तर धक्का बहुतेक जाईल. पण एवढ्या जुन्या गिअरबॉक्सला नवं सॉफ्टवेअर मानवलं नाही, तर गाडी जागची हलणार नाही. आणि मग जुनं परत टाकताही येणार नाही.

"धक्क्याचा त्रास कुणाला होतो? मला?" तो ओरडला. "उन्हाळ्यापासून 'आई गं, आई गं' कोण करतंय? गाडीमुळे कंबर धरली, गाडीमुळे मळमळलं, गाडीतून उतरलं की जेवण जात नाही! आणि आता दुरुस्त होतेय तर म्हणे नको!"

"झालीय आता सवय," ती म्हणाली. ती बाकावर पोटाशी उशी धरून बसली होती. गाडीचा पट्टा काचतो म्हणून तिनं ही उशी घेतली होती, पण हल्ली गाडीतून उतरल्यावरही ती सोडत नसे. "एवढ्यातेवढ्यासाठी गाडी कायमची बंद पडायची."

"पडू दे! भंगारात घालीन!"

शेजारच्या गाडीखाली झोपून काम करणाऱ्या माणसानं डोकं बाहेर काढून पाहिलं, आणि शहाणपणानं पुन्हा आत घेतलं.

नवरा शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. कुठून कुरकुर आली की दोष मशिनात, हे त्याचं सगळं शास्त्र, आणि पोटही त्यावरच चाललेलं. दुकानात सुई मोडली की तो मशिनावर ओरडे, घरात दूध उतू गेलं की बायकोवर. राग उतरला की स्वतःच्या हातानं चहा करून तिच्यासमोर ठेवी. ती म्हणायची, माणूस वाईट नाही, पण आवाज आधी येतो आणि माणूस मागाहून.

भांडण काही संपेना, तेव्हा मेकॅनिकनं किल्ली उचलली. "चला, एकदा मला चालवून बघू द्या. मग ठरवू."

मेकॅनिक चालवायला बसला, तो शेजारी, ती मागे. रस्त्याला लागताच तिसरा गिअर पडला. गाडीनं धक्का दिला. मागून "आई गं!" आलं.

"ऐकलंत?" तो म्हणाला. मेकॅनिकनं मान डोलावली.

पुढच्या वळणावर पुन्हा धक्का बसला, पुन्हा "आई गं!" त्याच्या मुठी वळल्या. हा खटारा त्याला आता वैऱ्यासारखा वाटू लागला होता. आपल्या बायकोला हा असा छळतो म्हणजे काय! त्याला तिची काळजी होती, अगदी खरी होती. फक्त ती काळजी ओरडल्याशिवाय बाहेर पडत नसे.

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. मेकॅनिकनं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. तिघंही आगगाडी जाण्याची वाट बघू लागले.

"आई गं," मागून आलं. हळूच, दात आवळून.

मेकॅनिकचा हात किल्लीवरच राहिला. "काका," तो म्हणाला, "गाडी बंद आहे."

नवऱ्यानं मागे वळून पाहिलं. ती उशीवर वाकली होती. कपाळावर घाम होता. गालांची हाडं वर आली होती, आणि ती केव्हा वर आली हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. तिचे कपडे तिला ढगळ झाले होते.

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. मेकॅनिकनं गाडी सुरू केली नाही. नवऱ्याच्या छातीत नेहमीसारखा राग भरून आला, पण तो काढायला आता गाडी उरली नव्हती.

"अगं, कुठं दुखतंय? केव्हापासून? मला सांगितलं का नाहीस?" तो ओरडला. ती अंग चोरून दाराकडे सरकली.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात. म्हणून मग मी गाडीचं नाव सांगायला लागले."