गबाळ्याने खाणं सोडलं

दार उघडताच फिनाईलचा भपकारा आला आणि तिला मळमळलं.

नवरा तिची पिशवी घेऊन मागे उभा होता. दोघं नुकतीच दवाखान्यातून परतली होती. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि खाली बघत सांगितलं, “गबाळ्या गेला. तू तिथे ऑक्सिजनवर होतीस, म्हणून बोललो नाही.”

“कशाने गेला?”

“खाणं सोडलं त्याने. दाराशी शेपटी पाडून बसून राहायचा. मी हाताने भरवून पाहिलं, पण तुझ्याशिवाय कोणाचं ऐकतोय तो?”

“पुरलात कुठे?”

“पालिकेचे गाडीवाले घेऊन गेले. नको विचारूस. तुला ऐकवणार नाही.”

ती कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. परक्यांच्या तोंडाचे साचे दिवसभर हाताळणाऱ्या बाईला सहसा किळस येत नाही. आता मात्र तिला सगळ्याचीच शिसारी येऊ लागली. दुधावरच्या सायीची, उशीच्या वासाची, बेसिनमधल्या थेंबांची. सगळ्यात जास्त स्वतःच्या खाण्याची. आपण तिकडे गरम सूप पीत होतो आणि तो इकडे दाराशी उपाशी बसला होता. घास चावताना स्वतःच्याच दातांचा आवाज कानात घुमायचा आणि ती ताट बाजूला सारायची.

नवऱ्याचं फरशांचं दुकान होतं. घरातली लादीही त्याला आरशासारखी लागायची. गबाळ्या म्हणजे केस, लाळ आणि चिखलाचे पंजे. तरी इतक्या टापटिपीच्या माणसाने कुत्र्याला स्वतःच्या हाताने घास भरवला होता, या विचाराने तिला भरून यायचं. गबाळ्याची गोधडी, ताटली, साखळी, त्याने सगळं आवरून टाकलं होतं, भिंतीसुद्धा धुऊन काढल्या होत्या.

“समोर दिसत राहिलं की तुला त्रास,” तो म्हणाला.

नणंद भेटायला आली ती कापसाचा कुत्रा घेऊन. “हा घ्या, वहिनी. भुंकणार नाही, घाण करणार नाही. आणि मनाला किती लावून घ्यायचं? शेवटी जनावरच ते.” काचेचे डोळे वटारून बसलेल्या त्या ध्यानाला ती हात लावू शकली नाही. नणंदेची पाठ फिरताच तिने ते चिमट्याने उचलून माळ्यावर टाकलं.

कामावर परत गेली तेव्हा ड्रॉवरमध्ये गबाळ्यासाठी आणलेलं बिस्किटांचं पाकीट निघालं. फेकवेना. टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी गावाबाहेर एक आसरा होता, तिथे ते द्यायला ती गेली.

फाटकापाशीच मूत, ओले केस आणि सडक्या जखमांचा वास नाकात शिरला. आसरा चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानातल्या अळ्या काढत होत्या. तिच्याकडे न बघताच म्हणाल्या, “आलाच आहात तर याचं डोकं धरा.”

तिने धरलं. वळवळत्या अळ्या एकेक करून वाटीत पडत होत्या. तिला उमासे आले, पण तिने हात सोडला नाही. काम झाल्यावर कुत्र्याने सुस्कारा टाकून डोकं तिच्या गुडघ्यावर ठेवलं आणि तो झोपून गेला. हात धुऊन मावशींनी डबा उघडला, अर्धा तिच्यापुढे केला. खाऊन संपल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला भूक लागली होती.

दर रविवारी ती जाऊ लागली. नवरा चिडायचा. “त्या उकिरड्यात कशाला जातेस? फुप्फुसं आत्ता कुठे सुधारतायत. नसता रोग आणशील घरात.” त्याची काळजी तिला कळायची. परत आल्यावर ती आधी न्हाणीघर गाठायची आणि मगच त्याच्यासमोर जायची.

एकदा पिंजरे धुताना ती मावशींना म्हणाली, “माझा गबाळ्या माझ्यापायी गेला. वाट बघून बघून.”

“तुम्ही काय हौसेने आजारी पडला होता?” मावशी म्हणाल्या. “वाट बघितली ना त्याने? मग तो तुमच्यावर रागावलेला नव्हता.”

त्या रात्री तिला गाढ झोप लागली. हळूहळू अंगावर मूठभर मांस चढलं. फिनाईलचा वासही सोसायला लागला.

मग एका रविवारी मावशींचं मनगट मुरगळलं. “मागच्या खोलीत खरजेची कुत्री आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या छातीच्या दुखण्यामुळे तिकडे नेत नव्हते. आज इलाज नाही. फडकं बांधा तोंडाला. आणि तो कोपऱ्यातला चावतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.”

कोपऱ्यातल्याच्या अंगावर एक केस नव्हता. राखाडी खपल्या, मध्ये पू, कातडं हाडांवर ताणलेलं. फडक्यातूनही दुर्गंधी आली. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि औषधाची बादली उचलली.

मागून लहान मूल हुंदके देतं तसा आवाज आला. तो पोटावर सरपटत येत होता. तिच्यापर्यंत पोचला, तिथेच मुतला आणि ते किडकं थोबाड त्याने तिच्या ओंजळीत खुपसलं. आधी तिच्या हातांना कळलं, डोळ्यांना मागाहून.

ती ओल्या जमिनीवर तशीच बसली. “गबाळ्या,” म्हणाली. उघडी शेपटी जमिनीवर आपटू लागली. पू, खपल्या, घाण सगळ्यासकट तिने त्याला छातीशी धरलं.

पळाला असेल, तिच्या मनात आलं. शोधून सापडला नसेल, आणि मला काय तोंड दाखवायचं म्हणून गेला म्हणाले असतील. बिचारे. आता घरी जाऊन सांगायचं त्यांना.

मावशी दारात येऊन बघत राहिल्या. “कमाल आहे. कोणाला जवळ येऊ देत नाही हा.”

“रस्त्यावर सापडला का हो तुम्हाला?”

“छे. एक गृहस्थ स्वतः गाडीतून आणून सोडून गेले. चांगले टापटिपीचे होते. रुमाल काढून रडले इथे.” मावशींनी सुस्कारा सोडला. “बायको वारली म्हणाले.”