डिस्क सापडत नाही

आमच्या बालवाचनालयाला एका व्यापाऱ्याने संगणक भेट दिला. "संगणक चालवायला लागतं ते लिनक्स टाकून दिलंय, आता काही बघायला नको," म्हणत त्यांच्या माणसाने तो चालू करून दाखवला. हार झाले, फोटो झाले. बंद करायचा मान सगळ्यांत धाकट्या चिमणीला मिळाला. जाताना त्या माणसाने मागे लावलेला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही.

"हिनेच बिघडवला," पोरं म्हणाली. चिमणी कोपऱ्यात तोंड लपवून बसली.

"अगं, आधी शोधायचं, मग रडायचं," म्हणत मी तिला जवळ बसवलं. सेटिंग पाहिली, वायरी काढून पुन्हा लावल्या, शेवटी झाकण उघडलं. डिस्कच्या जागी रिकामा सांगाडा होता आणि त्यात कोळ्याचं जाळं.

"आजोबा, मग काल कशावर चालला?"

"त्या पेनड्राइव्हवर, बाळा. तू काहीच बिघडवलं नाहीस."

पोरांनी माना खाली घातल्या. मला मात्र कालच्या त्या हारांची शिसारी आली. मी त्या माणसाला फोन लावला. "अहो, यात डिस्कच नाही. लिनक्स टाकलंत कशात? इथे एक लेकरू सकाळपासून स्वतःला दोष देत बसलंय."

तो समजुतीच्या सुरात म्हणाला,



"पण सर, फोटोत चालू दिसतोय ना?"