हवा कुठून येते

पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पुन्हा बुडबुडे उसळताना दिसले आणि जोतीराम मटकन खाली बसला. मोटर गरगरत होती, पण पाणी ओढत नव्हती. खाली तलावात नळाच्या तोंडातून धार कशीबशी थुंकल्यासारखी येत होती.

"पप्पा, काय झालं?" खालून प्रांजलनं विचारलं. ती तलावाच्या काठाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती.

"काय न्हाई बाळा. आज करतोच नीट."

गेल्या पावसाळ्यात शाळेतून येताना रिक्षा उलटली आणि बारा वर्षांच्या प्रांजलचे पाय लुळे पडले. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नसा शाबूत आहेत, पण पायांत जोर आणावा लागेल आणि तो पाण्यात उभं राहून व्यायाम केला तरच लवकर येईल. जितका उशीर होईल तितकी आशा कमी.

जोतीरामचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान होतं. पोरगी जन्मायच्या आधीपासून तो तिकडंच. घरी यायचा तो दिवाळीला आणि जत्रेला. अपघाताचा फोन आला तसं दुकान भागीदारावर टाकून तो विट्याला आला आणि बंगल्यामागं त्यानं हा छोटा पोहण्याचा तलाव बांधून घेतला. पावसाचं पाणी मोटरीत शिरू नये म्हणून पंपाची खोली शेजारच्या जुन्या हौदाच्या माथ्यावर घेतली. तिथं जायला उभ्या, अरुंद पायऱ्या होत्या.

सुरुवात झकास झाली. व्यायाम घेणाऱ्या बाई कंबरभर पाण्यात प्रांजलला धरून उभं करायच्या. हळूहळू ती पाय हलवायला लागली. आणि नेमकी तेव्हाच पंपाची ओढ गेली. पाणी गाळलं जाईना, हिरवं पडलं. बाईंनी स्पष्ट सांगितलं, "असल्या पाण्यात मी पोरीला उतरवणार नाही." तलाव उपसून नव्यानं भरावा, तर ऐन उन्हाळ्यात टँकर कुठला मिळायला!

जोतीरामनं जे सुचेल ते केलं. जाळीतला पाला काढला, पंपाची टोपली धुतली, पाण्याची पातळी वाढवली, झाकणाचं रबर बदललं. झाकण उघडून पंपात पाणी ओतलं आणि पुन्हा आवळलं, की पंप ओढायला लागायचा. पाणी निवळायला लागायचं. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी बघावं, तर पुन्हा बुडबुडे.

शेवटी पंप बसवणारा धरणेंद्र कुपवाडहून मोटारसायकलवर आला. त्यानं पाइप दोन्हीकडून बंद केला, आत दाब भरला आणि काट्याकडं बघत बसला. काटा जागचा हलला नाही.

"शेट, पाइप एकदम शाबूत हाय. झाकणाचा आटा तेवढा ढिला व्हता, तितनंच हवा शिरतीया. तुमी आवळला न्हवता काय?"

"माज्या हातानं आवळलाय. रोज आवळतोय."

धरणेंद्रनं डोकं खाजवलं. "मग आपसूक कसा ढिला हुईल? कुणाचा तरी हात लागतोय बगा."

तो गेला, पण त्याचं बोलणं जोतीरामच्या डोक्यातून जाईना. घरात माणसं तीन. त्यातली एक खुर्चीत.

रोज संध्याकाळी तो प्रांजलच्या पायांना तेल चोळायचा. चोळता चोळता म्हणायचा, "तू चार पावलं टाक बाळा. मग मी निवांत मदुराईला जातो." मागं एकदा त्याची बायको राणी दारातून म्हणाली होती, "परत जायालाच पायजे का?" तेव्हा त्यानं ते कानाआड केलं होतं. आता त्याला तेच आठवत राहिलं.

त्या रात्री जेवताना त्याच्या तोंडून गेलंच. "झाकण तू ढिलं करतीस."

राणीच्या हातातला घास हातातच राहिला. "काय?"

"मी जाऊ नये म्हून. व्हय का न्हाई?"

"माज्या पोरीच्या पायावर मी उठीन व्हय? आवं, जिभेला काय हाड हाय का तुमच्या?"

ती ताटावरून उठली. आतल्या खोलीत प्रांजल जागी होती, सगळं ऐकत होती. जोतीरामला रात्रभर झोप लागली नाही. परत कधी येणार, असं भागीदार रोज फोन करून विचारत होता. डॉक्टर उशीर नको म्हणाले होते आणि दिवस सरत चालले होते. आणि पोरीचे पाय त्या हिरव्या पाण्याच्या काठावर लोंबकळत पडले होते.

सकाळी त्यानं पंपात पाणी ओतलं, झाकण घट्ट आवळलं. दुपारी दोघींना ऐकू जाईल असं म्हणाला, "सांगलीला डॉक्टरांकडं जाऊन येतो. सांज हुईल." गाडी वळणावर लावली आणि मागच्या शेतातून चालत तो गुपचूप पंपाच्या खोलीत शिरला. पाणी गाळायच्या वाळूच्या टाकीमागं अंग चोरून बसला.

पत्रा तापला होता. मोटरीच्या घरघरीनं कान बधिर झाले होते. कुणी येऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं. धरणेंद्र चुकला असू दे. रबरच खराब निघू दे. राणीला रंगेहाथ धरलं तर पुढं तिच्याबरोबर एका घरात राहायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

मग लाइट गेली. मोटर घुमत घुमत थांबली आणि त्या शांततेत पायरीवर पाऊल वाजलं.

एक पाऊल. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग दुसरं. अंदाज घेत, कानोसा घेत यावं तसं. जोतीरामनं डोळे गच्च मिटले. ज्याच्यासाठी आपण सगळं सोडून आलो, ते आपल्याच बायकोनं मातीत घालावं! पावलं वर आली, उंबऱ्याशी थबकली. दार करकरलं.

"राणी!" तो ओरडला आणि टाकीमागून उठून उभा राहिला.

दारात, भिंतीला एक हात टेकून, घामानं निथळत, प्रांजल आपल्या दोन्ही पायांवर उभी होती.