कोमट पाणी

निवासी लेखनशिबिरात आल्या आल्या सगळ्यांचे फोन व्यवस्थापकांकडच्या बिस्किटांच्या डब्यात गेले. मंदाताईंनीही आपला टाकला. नवऱ्याच्या आजारपणात लिहायला सवड मिळत नाही, म्हणून त्या वर्षानुवर्षं कुरकुरत होत्या. आता सवडच सवड होती आणि कागद कोरा होता.

दुपारी सगळे शिबिराच्या नियमाप्रमाणे मुकाट्यानं जेवत होते, तेवढ्यात डब्यात गजर वाजला. मंदाताई उठल्या, पेल्यात कोमट पाणी ओतून लगबगीनं दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. गजर नवऱ्याच्या गोळ्यांचा होता. नवरा जाऊन दोन महिने झाले होते.

“ताई, कायमचा बंद करून टाकू का?” व्यवस्थापकांनी हळूच विचारलं.

“नको, वाजू द्या.” त्यांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. “दिवसाचं तेवढंच एक काम उरलंय.”